धसकटाचे पाणी तलावात गेल्याबाबत

पोलीस स्टेशन, दिनांक २६ मे

मी, नामे भैय्याजी सोमाजी गिऱ्हेपुंजे, वय ५८ वर्षे, धंदा शेती व शेतीची यंत्रे भाड्याने चालवणे, राहणार मौजा सोनटोली, पोस्ट कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, आज रोजी आपल्या पायांनी हजर होऊन, विचारल्यावरून जबाब लिहून देतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी शकुनबाई, मुलगा वीरेंद्र व सून रिता यांच्यासह राहतो. वीरेंद्र हा सकाळपासून याच पोलीस स्टेशनात आतल्या खोलीत बसून आहे. त्याने आमच्या गावच्या तलावात विष टाकून मासोळ्या मारल्या, अशी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे. तक्रार मच्छीमार संस्थेच्या वतीने मंगरू मारबते याने दिली आहे. मंगरू हा वाईट माणूस नाही, हे प्रथम लिहून घ्यावे. जबाब लिहिणाऱ्या अपेक्षा मॅडम म्हणाल्या की हे लिहिण्याची गरज नाही. मी म्हणालो, गरज आहे.

मी सातवीपर्यंत शिकलो. सुरुवातीला दुसऱ्याच्या मळणीयंत्रावर पेंढ्या टाकण्याचे काम करीत होतो. आज माझ्याकडे स्वतःचे दोन ट्रॅक्टर, धान कापण्याचे हार्वेस्टर व रोटाव्हेटर आहे. वीरेंद्र ही यंत्रे चालवतो, मी दुरुस्ती व गिऱ्हाईक पाहतो. उन्हाळी धान मे महिन्याच्या सुरुवातीला निघाले. हार्वेस्टरने धान कापले की बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गुडघाभर धसकट उभे राहते व वरून तुटके तणस पसरते. पूर्वी लोक विळ्याने बुडापासून कापत, तणस बैलांना जाई. आता बैल राहिले नाहीत, आणि जी ढोरे आहेत ती यंत्रातून निघालेले तणस हुंगतात व तोंड फिरवतात. त्यामुळे लोक धसकटाला काडी लावत. मागील वर्षी अशीच लावलेली काडी वाऱ्याने चार बांध्या ओलांडून एकाच्या मोटारपंपाच्या वायरपर्यंत गेली. त्यानंतर ग्रामपंचायतीने जाळण्यास मनाई केली.

तेव्हा मी गावच्या सभेत उभा राहून सांगितले की, काडी लावू नका, पाणी लावा. पद्धत अशी की, धसकटावर रोटाव्हेटर फिरवायचा, त्यावर कुजवणारे द्रावण फवारायचे, आणि कालव्याचे पाणी बांधीत भरून धुरे, म्हणजे कडेचे बांध, पक्के बंद ठेवायचे. पंधरा-वीस दिवसांत धसकट कुजून खत होते व पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकायला जमीन लोण्यासारखी मिळते. द्रावण म्हणजे गूळ, बेसन व बाजारात मिळणारे विरजण, जे प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजवून ठेवतात. सभेत एकाने विचारले, "भैय्याजी, हे औषध ढोरायनं पेलं तं?" मी ड्रममध्ये बोट बुडवून सर्वांसमोर चाटून दाखवले व म्हणालो, "गुळाचं पाणी आहे बापा. जास्त पेलं तं ढोरं जाडे होतीन." लोक हसले. त्या हसण्यावर मला यंदा बरेच काम मिळाले.

आमची स्वतःची बांधी तलावाला लागून, वरच्या अंगाला आहे. मध्ये फक्त धुरा व तलावाची पाळ. तलाव जुना असून मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतला आहे. मागील पावसाळ्यात त्यांनी त्यात बोटुकली, म्हणजे मासोळीची बोटभर पिल्ले, सोडली होती. या हंगामात मासोळी मोठी झाली होती. मंगरू ती आठवड्यातून एकदा काढून जवाहरनगरच्या बाजारात नेत असे. बाकीची तो पावसाआधी एकदम काढणार होता. तलावातील मासोळी ही संस्थेतील सर्व घरांची वर्षभराची कमाई होती, हे मला माहीत आहे.

परवा, म्हणजे २४ तारखेला दुपारी, वीरेंद्र रिकामे ड्रम धुण्यासाठी तलावावर घेऊन गेला. तेथे मंगरूने त्याला पाहिले. मी पाळीवर निंबाच्या सावलीत होतो. झालेले बोलणे असे:

"काय गा वीरू, तलाव तुह्या बापाचा होय का?"

"बापाचा नाई, सरकारचा होय. अन् यात जहर नाई काका, गूळ आहे. चाय मांडू का?"

"तुही चाय तुह्या बांधीत मांड. माह्या मासोऱ्यायले काई झालं तं तुले याच ड्रमात कोंबीन."

"तुमच्या मासोऱ्या मरतीन त्या तुमच्या शिव्यानंच मरतीन."

यावर मंगरूने एक ड्रम लाथेने पाण्यात उडवला. तो तरंगत मध्यभागी गेला. आजही तो तेथेच आहे व तक्रारीत 'विषाचा ड्रम' म्हणून लिहिला गेला आहे. तो वीरेंद्रने फेकलेला नाही, मंगरूने उडवलेला आहे. "मरतीन" हा शब्द वीरेंद्रच्या तोंडचा आहे, हे मी नाकारत नाही. घाटावर कपडे धुणाऱ्या बायांनी तो ऐकला आहे. मी मुलाला घरी नेऊन समज दिली व दोन दिवसांत मंगरूकडे बसायला जाऊ असे सांगितले. दोन दिवस झाले नाहीत.

यापुढील मजकूर सांगण्यापूर्वी मी ठाणेदार साहेबांना विनंती केली की, तो बाहेर जाऊ नये. मंगरू व त्याची पत्नी रेवताबाई हे दोघे बाहेरच्या ओसरीत बाकावर बसलेले आहेत. साहेब म्हणाले की, जबाबात गाळण्याची सोय नाही, सांगायचे तर पूर्ण सांगा. नंतर आतल्या खोलीतून वीरेंद्र खोकल्याचा आवाज आला. मी सांगण्यास तयार झालो.

काल २५ तारखेला मंगरू गावात नव्हता. तो शहापूरला बहिणीकडे भाचीच्या लग्नाला गेला होता. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी धुऱ्यावरील टिनाच्या शेडमध्ये रोटाव्हेटरची पाती बदलत होतो. वीरेंद्र बाहेर बांधीतील पाणी पाहत होता. त्या वेळी रेवताबाई पाळीवरून आली. तिला मी दिसलो नाही. टिनाच्या आड बसलेल्या माणसाला बाहेरचे सर्व ऐकू येते, आणि यंत्राच्या धंद्यात माझे कान तयार झालेले आहेत. मी जे ऐकले ते असे:

"वीरूबाबू, तुह्या बांधीतलं पाणी सोडशीन का तलावात?"

"कायले वो काकू?"

"तलावाचं पाणी उतरून राहिलं. उन्हानं नुसतं कडत आहे. मासोऱ्या दुपारी वर येते अन् तोंड वासते. मले पाहवत नाई."

"काका मले शिव्या देते, अन् तुमी पाणी मांगता?"

"शिव्या त्यायच्या, मासोऱ्या माह्या. ते गेले शहापूरले, लगनात. बुंदी खाऊन येतीन तं पाणी चढलेलं दिसन. विचारलं तं सांगीन, पाऊस आला म्हून."

"मे महिन्यात?"

"माह्या नवऱ्याले मी श्रावण बी दाखवला आहे मे महिन्यात. तू सोड."

वीरेंद्र हसला. नंतर तो म्हणाला, "काकू, पाण्याले वास येते पण. धसकट कुजून राहिलं त्यात. काळं झालं."

"वास शेणाले बी येते. आमी टाकतोच नं शेण तलावात, मासोरीले खायले. अरे, बांधीचं पाणी म्हणजे मासोरीले मायचं दूध राह्यते. पावसाळ्यात पाय ना, कशी धुऱ्यावर चढून येते."

वीरेंद्र म्हणाला, "तं सोडतो. पण काकाले माहं नाव नका सांगू. उद्या पुन्हा भांडतीन, म्हनतीन, तुह्या उपकाराचं पाणी नाई पायजे."

ती म्हणाली, "तू माहं नको सांगू. मी तुहं नाई सांगत."

यानंतर फावड्याचा आवाज आला व धुऱ्याचे तोंड फुटले.

मी शेडमध्येच बसून राहिलो. बाहेर गेलो नाही, थांबवले नाही. मला वाटले, पोरगा शहाणा झाला. दोन घरांतले भांडण पाण्यानेच विझत असेल तर आपण मध्ये कशाला बोलायचे. बांधीचे पाणी तलावात जाणे ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही. दर पावसाळ्यात वरच्या बांध्यांचे पाणी तलावातच जाते, आणि मासोळी त्या पाण्याच्या तोंडाशी गोळा होते. हे मी लहानपणापासून पाहिले आहे, मंगरूच्या बापाने पाहिले आहे, सर्वांनी पाहिले आहे. फक्त त्या पाण्यात कधी धसकट कुजवलेले नव्हते. बांधीतले पाणी दहा दिवस उभे होते व चहासारखे झाले होते. वास मला रोज येत होता. मी त्याला खत होण्याचा वास समजत होतो. वीरेंद्रलाही वास आला व त्याने तसे बोलूनही दाखवले. आम्ही तिघे होतो, आणि हे पाणी मासोळीला बाधेल हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. पाणी धुऱ्यावरून पडत राहिले. घरी जेवताना मला तो आवाज येत होता आणि मला तो चांगला वाटला.

आज सकाळी उजाडण्याच्या सुमारास मी पाळीकडे गेलो. दुरून मला पानांवर थेंब पडल्यासारखा आवाज आला. आभाळात ढग नव्हता. जवळ गेलो तसा आवाज वाढला. तो थेंबांचा नव्हता. चप, चप, चप, असा ओठांचा होता. पाळीवर चढून पाहिले तर तलावभर तोंडे होती. पाणी दिसत नव्हते, तोंडे दिसत होती. मोठ्या कतलाची डोकी वर आलेली, उघडझाप करणारी, एकाला लागून एक. लहान बाळ दूध ओढते तशी ती वारा ओढत होती. माझ्या पायाशी, कडेला, एक रोहू चिखलात अर्धी वर येऊन पडली होती व माझ्याकडे एका डोळ्याने पाहत होती. मी हलवली तरी ती पाण्यात गेली नाही.

साहेबांनी विचारले, तेव्हा तुम्ही काय केले. मी काही केले नाही. मी उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझ्या हातातला बाभळीचा दातुन खाली पडला होता, हे मला नंतर दुसऱ्याने सांगितले.

मला हलवले ते रेवताबाईने. ती घरातून धावत आली व लुगडे खोचून सरळ छातीभर पाण्यात उतरली. ती दोन्ही हातांनी पाणी वर उडवू लागली. मासोळी गुदमरली की पाणी उपसून उडवायचे असते, हे मासेमार ढिवरांच्या घरात सर्वांना माहीत असते. ती मासोळ्यांना नावे ठेवत होती, शिव्या देत होती, "खाली जा, मेल्याहो, खाली जा", असे म्हणत होती. नंतर ती माझ्याकडे वळून एवढेच म्हणाली, "भाऊजी, तोंड बुजवा."

ती कोणते तोंड म्हणाली हे मला लगेच कळले. मी धावत जाऊन धुऱ्याचे तोंड हातांनी चिखल घालून बुजवले. पाणी अजून बारीक धारेने जात होते. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. ते धुऊनही वास गेलेला नाही. मॅडमना वास आला असल्यास तो याचा आहे.

मी घरून डिझेल पंप आणला. वीरेंद्रने पाइप लावून तलावातलेच पाणी उंच उडवून परत तलावात पाडले. गावातील माणसे जमली. संस्थेचे लोक उतरले, आमचे दोन मजूर उतरले. वीरेंद्र गळ्यापर्यंत पाण्यात होता. ज्या बाजूला पंपाची धार पडत होती तेथील काही मासोळ्या खाली गेल्या व वाचल्या. बाकीच्या ऊन चढेपर्यंत उलट्या झाल्या. पोटे वर आली. तलाव पांढरा झाला.

मंगरू शहापूरहून परतला तेव्हा तो तलाव पांढराच दिसत होता. त्याच्या एका हातात बुंदीची पिशवी होती व अंगात लग्नाचा सदरा होता. तो पाळीवर आला, पिशवी खाली ठेवली, आणि पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. परत येताना त्याला मध्ये तरंगणारा ड्रम दिसला.

गर्दीतून कोणीतरी "जहर" हा शब्द बोलले. कोण बोलले हे मला माहीत आहे, परंतु तोही मासोळीच्याच घरचा आहे व त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मी नाव सांगत नाही.

मंगरूने तलावातून मगभर पाणी घेतले व माझ्यापुढे धरले. तो म्हणाला, "भैय्याजी, सभेत चाटलं होतं नं तू? घे. पे आता." इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला. मी तो मग हातात घेतला. मला वास आला. मी तो प्यालो नाही, खाली ठेवला. हे लिहून घ्यावे. सर्वांनी ते पाहिले आणि त्यावरून लोकांनी जे समजायचे ते समजून घेतले.

मंगरू म्हणाला, "कोनं केलं?"

वीरेंद्र ओल्या अंगाने पुढे आला व म्हणाला, "पाणी मी सोडलं, काका."

"काहून सोडलं?"

वीरेंद्रने खाली पाहिले. त्या वेळी रेवताबाई अजून पाण्यात होती. ती थांबली होती. तिचे हात पाण्यावर तसेच होते. वीरेंद्रने तिच्याकडे पाहिले नाही. मी पाहिले. मला तिच्या तोंडावर जे दिसले ते सांगण्यासारखे नाही.

मंगरूने पुन्हा विचारले, "काहून सोडलं, बोल?" वीरेंद्र म्हणाला, "सोडलं, बस." मंगरूने त्याला मारले नाही. मारणारे दुसरे होते. मी मध्ये पडलो, माझा सदरा फाटला, तो मी आता घालून आहे. मी वीरेंद्रला मोटारसायकलवर बसवून सरळ येथे आणले. पोलिसांनी त्याला पकडून आणलेले नाही, बापाने आणले आहे. वाटेत मी त्याला म्हणालो, "पोरा, तिचं नाव सांग." तो मागून म्हणाला, "बाबा, ते घरी जाईन कशी मग?"

तेव्हापासून आतापर्यंत, ठाणेदार साहेबांनी त्याला तीनदा विचारूनही, त्याने सांगितलेले नाही. न सांगण्याचा अर्थ त्याच्या अंगावर येत आहे हे त्याला कळत नाही असे नाही. माझ्या पत्नीने शकुनबाईने सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही, परंतु तो या जबाबाचा विषय नाही.

दुपारी मत्स्य विभागाचे साहेब पवनीहून तलावावर आले, तेव्हा मीही तेथे परत गेलो होतो. त्यांनी बाटलीत पाणी घेतले. त्यांनी कडेच्या चिखलात काठी घातली तेव्हा बेडूक उड्या मारून गेले. मरळ व मांगूर जिवंत सापडल्या. साहेब म्हणाले की, विष असते तर बेडूक व मरळही मेले असते. मरळ-मांगूर बाहेरचा वारा घेऊन जगतात. कतला-रोहूला पाण्यातलाच वारा लागतो, आणि कुजणाऱ्या वस्तूने तो वारा खाऊन टाकला असावा. पक्के ते तपासणीनंतर लिहून देतील. मी त्यांना विचारले, "साहेब, शेण टाकतो तेव्हा का मरत नाही?" ते म्हणाले, "घमेलंभर आणि बांधीभर यात फरक नाही का?" फरक आहे. तो मला काल संध्याकाळी टिनाच्या आड बसून समजायला हवा होता.

तरी माझे म्हणणे असे आहे की, तलावात कोणी विष टाकलेले नाही. पाणी माझ्या बांधीचे आहे. ते कुजवण्याची युक्ती माझी आहे. ते मागणाऱ्या बाईने मासोळी वाचावी म्हणून मागितले व देणाऱ्या पोराने भांडण मिटावे म्हणून दिले. वीरेंद्रचा हेतू वाईट नव्हता. रेवताबाईचा तर नव्हताच. ती आजही सर्वांत आधी पाण्यात उतरली होती. भरपाईबाबतचे बोलणे मी संस्थेसोबत गावात बसून करीन. ते या कागदात आज घालू नये, कारण रागाच्या दिवशी बोललेला शब्द मी पाळतो आणि दुसरे पाळतीलच असे नसते.

ज्या शेतकऱ्यांकडे मी अशाच रीतीने पाणी लावून दिले आहे, त्यांना जबाबाला बसण्यापूर्वी फोन करून सांगितले आहे की, धुरा कोणी फोडू नये, पाणी जागेवरच जिरू द्यावे. एकाने विचारले, "काहून गा? खतच होय नं?" मी त्याला, तलावावर जाऊन पाहून ये, एवढेच सांगितले.

येणेप्रमाणे जबाब पूर्ण झाल्यावर अपेक्षा मॅडमनी तो मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. लाईट गेलेली असल्याने पंखा बंद होता व उकाड्यामुळे दार उघडे होते. मॅडमचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा स्पष्ट आहे. "शिव्या त्यायच्या, मासोऱ्या माह्या" येथे आल्यावर मी मॅडमना हाताने थांबण्याची खूण केली. त्या कागदावर पाहत होत्या. त्यांना खूण दिसली नाही.

वाचन संपले तेव्हा बाहेर ओसरीतले दोघेही बाकावरून उठलेले होते.

पुरवणी जबाब, त्याच वेळी:

वाचन झाल्यावर मंगरू मारबते हा दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागे रेवताबाई उभी होती. तिने पदर तोंडात धरला होता. मंगरू आत येण्यापूर्वी तिच्याशी हळू आवाजात काही बोलला. ते मी ऐकले आहे, परंतु ते मला साहेबांनी विचारलेले नाही.

मंगरू साहेबांना म्हणाला, "साहेब, पाणी मीच मांगाले लावलं होतं."

साहेब म्हणाले, "तू तर लग्नाला होता."

"होतो. तिथूनच फोन लावला. म्हनलं, मासोरी तडफडून राहिली असन, वीरूले सांग पाणी सोडाले. मीच सांगतलं. तिचं काई नाई त्यात."

"मग सकाळी तक्रारीत हे का नाही लिहिलं?"

मंगरूने लग्नाच्या सदऱ्याचे बटण लावले. नंतर म्हणाला, "इसरलो, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. ते म्हणाले की, तुमच्या जबाबात तर नवऱ्याला कळू द्यायचे नाही असे बाई बोलल्याचे लिहिले आहे, मग खरे कोणते. मी विचार करून सांगतो की, मी ऐकले ते शब्द तेच आहेत, त्यांत बदल नाही. परंतु रेवताबाई ही थट्टेखोर बाई आहे हे सोनटोलीत सर्वांना माहीत आहे. ते बोलणे थट्टेचे असावे. तो मजकूर खोडण्याची गरज नाही, थट्टा म्हणून तसाच राहू द्यावा.

मंगरू शहापूरला होता हेही खरे आहे. शहापूर हायवेवर आहे, तेथे फोनला चांगली रेंज असते. नवरा-बायकोत फोनवर काय बोलणे झाले हे मला माहीत असण्याचे कारण नाही.

हा पुरवणी मजकूर मॅडमनी मला वाचून दाखवला. या वेळी त्यांनी तो हळू वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करतो.

(सही) भैय्याजी सोमाजी गिऱ्हेपुंजे